डाव्या हाताची तीन बोटं

प्रिय अक्षता,

पत्राच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात पत्ता लिहायचा असतो, असं तू शाळेत पोरांना शिकवतेस. माझा कोपरा कोरा आहे, तेवढे मार्क काप. पाकीट तुझ्या मोहोळच्या शाळेत पाठवते आहे. शाळेचं टपाल तूच वाटतेस असं कधीतरी बोलली होतीस, आणि अशा गोष्टी माझ्या डोक्यात बरोबर राहतात. पाठवणाऱ्याच्या जागी ‘सोनाबाई’ लिहिलंय. सोनाबाई खरी आहे, घाबरू नकोस. घाबरायचं काम सध्या माझ्याकडे आहे आणि ते मी अगदी मन लावून करते आहे.

दोन वर्षं झाली. नागपंचमीला तू माहेरी आली होतीस. झोका पाहिजेच म्हणून हट्ट धरलास आणि तुझ्या दादाला, माझ्या नवऱ्याला, चिंचेवर चढवलंस. तो वर दोराला गाठ मारत होता तेव्हा मी धुण्याची बादली उचलली आणि मागच्या दारानं निघाले, ती थेट सोलापूरच्या एसटीत बसले. ती बादली कुठं टाकली ते अजून आठवत नाही. शाळेत शिकवणारी, लग्न झालेली बाई झोक्यासाठी रडते कशी, हे त्याला त्या दिवशी कळलं नसेल. नंतर कळलं असेल. तुला फोन करावा असं रोज वाटायचं, पण तुझा फोन तुझ्याशिवाय कोण कोण बघतं हे मला माहीत नव्हतं. म्हणून गप्प राहिले. आपल्या घरात गप्प राहणं सगळ्यांना चांगलं जमतं.

सोनाबाई सांगोल्याची. पाण्यापायी शेळ्या विकून इथं आलेली, दांडगी बाई. स्टँडवरच्या खांबाला तिनं ‘खोली भाड्याने’ म्हणून कागद चिकटवला होता. शेजारी बसलेल्या एका मावशींचा मोबाईल मागून मी निरोप पाठवला, ‘खोली पाहिजे. एकच माणूस. आजच राहायचं आहे.’ तिला वाटलं कुणी कंडक्टर असेल. दारात मी दिसले तेव्हा ती मला म्हणाली, “मानूस कुटं हाय?” आजही आम्हाला हसायला तेवढं पुरतं. तिनं आधी खोली दिली, मग काम दिलं, मग धंद्यात निम्मी भागी दिली. शेंगाचटणीचा हात तिचा, कडक भाकरीचा माझा. तुला आठवत असेल, ज्वारीची भाकरी पापडासारखी पातळ थापून तव्यावर वाळवायची. महिनाभर टिकते. पुण्यामुंबईची माणसं तिच्यासाठी वेडी होतात म्हणे.

तिच्या मनात आलं, दुकानदाराच्या हातापाया कशाला पडायचं, मोबाईलवर आपलं आपणच विकू. बचत गटाच्या बायकांना कुणी मॅडम मोबाईलवरचा धंदा शिकवायला आल्या होत्या, तिथं मला ओढत घेऊन गेली. मॅडम चांगल्या बोलत होत्या. म्हणाल्या, सगळीकडे दुकान मांडून बसू नका, जीव जाईल. आपलं गिऱ्हाईक कुठं बसतं ते आधी शोधा, एकच जागा धरा आणि तिथं रोज दिसा. बायका माना डोलवत होत्या. ‘रोज दिसा’ ऐकलं आणि मी पदर पुढं ओढला. प्रत्येकीच्या डोळ्यांसमोर तिचं गिऱ्हाईक आलं असेल. माझ्या डोळ्यांसमोर तुझा दादा आला. तो कुठं बसतो?

मग मी खरंच तसा शोध घेतला. फेसबुकवर तो दिवसभर असतो. गावातल्या कुत्र्याचा वाढदिवस असला तरी ‘हार्दिक शुभेच्छा भाऊ’ लिहील. सोनाबाईच्या खात्यातून चोरून पाहिलं, नवा फेटा बांधलेला फोटो आहे, भला माणूस वाटतो. तिथंच तुलाही शोधलं. तुझं पान होतं, पण फोटो सगळे काढून टाकलेले. म्हटलं, शाळेचा काही नियम असेल. म्हणजे फेसबुक गेलं. यूट्यूबवर तो बोअरचे नि ट्रॅक्टरचे व्हिडिओ बघत झोपायचा, तेही गेलं. व्हॉट्सअ‍ॅपवर धंद्याला नंबर द्यावा लागतो, आणि नंबर एकदा बाहेर पडला की तो कुणाच्या कुणाकडे जाईल ते देवाला ठाऊक. मॅडमनी नकाशावर खूण टाकायला सांगितली तेव्हा तर मी पाणी प्यायला म्हणून बाहेरच गेले. राहिलं इन्स्टाग्राम. त्याला तो ‘पोरीबाळींचा नाच’ म्हणायचा आणि थुंकायचा. म्हटलं, हीच आपली जागा. मॅडमनी माझं कौतुक केलं, की तुम्ही फार विचार करून निवड केलीत.

पानाचं नाव सोनाबाईनं ठेवलं, ‘कडक आणि तिखट’. माझ्या अटी कडक होत्या. तोंड दिसायचं नाही, आवाज नाही, नाव नाही. नुसते हात. बांगड्यासुद्धा काढून ठेवल्या, कारण त्या लग्नातल्या. मागच्या दारावर चादर टाकली. सोनाबाई शूटिंग करताना म्हणाली, “बाई, तू भाकरी करतीस का दरोडा घालतीस?” एक मिनिटाचा व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा बघितला. कुठंही मी नव्हते. मग जाऊ दिला. लोकांना आवडला, ऑर्डरी यायला लागल्या, आणि मी कितीतरी दिवसांनी शीळ घातली.

आणि मग त्याखाली कुणीतरी लिहिलं, ‘डाव्या हाताची तीन बोटं. वळखलं की.’

अक्षता, मी तोंड झाकलं, दार झाकलं, पण हात कसा झाकणार? पहिली भाकरी तव्यावर टाकली की तिच्यावर पाणी फिरवताना मी डाव्या हाताची तीन बोटं आडवी ओढते, कपाळाला विभूती लावावी तशी. पहिली भाकरी मल्लय्या देवाची. विभूती काही आपण डाव्या हातानं लावत नाही. पण माझ्या अत्ती, तुझी आई, तसं करायच्या, कारण त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं सरळ होत नव्हती. ती बोटं तशी का झाली हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. तुझ्या आप्पांबद्दल मी तुला काय सांगायचं. माझी बोटं तर सगळी धड आहेत, पण मी अत्तींसमोर बसून शिकले, त्या करतील तसं केलं, आणि आता करते आहे हेसुद्धा मला कळत नाही. अत्ती गेल्या, आप्पा त्यांच्याआधीच. ती खूण ओळखणारी आता तीनच माणसं उरली. तू, मी, आणि चुलीपुढं बसून पहिली भाकरी मागणारा तुझा दादा.

खात्याला फोटो नाही, नाव म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे. ‘वळखलं’ तर तुम्ही दोघंही म्हणता. मग त्याच खात्यावरून निरोप आला, ‘येऊन न्यायचं हाय. पत्ता पाटवा.’ तुला सांगते, एवढ्या शब्दांवर मी दोन दिवस घालवले. येतो नाही, येते नाही. नेतो नाही, नेते नाही. बाई आहे की बाप्या, कळायला जागा ठेवलेली नाही. आपल्या भाषेत असं वाक्य चुकून होत नाही, जुळवावं लागतं. सोनाबाईला दाखवलं तर म्हणाली, “गिऱ्हाईक दारात यायलंय आन तू व्याकरन बगतीस व्हय?” मग मी तिला सगळं सांगितलं. ती खाली जाऊन जिन्याच्या दाराला नवीन कडी बसवून आली.

तेव्हापासून मी अशी झाले आहे, की रस्त्यावर बुलेटचा आवाज आला की हातातलं पीठ तसंच राहतं. मंगळवारच्या बाजारात जात नाही. काल गॅसवाला वर आला तर मी मोरीत जाऊन उभी राहिले आणि सोनाबाईनं त्याला उगाचच झापलं. भाकऱ्या जाडजूड व्हायला लागल्यात. पान बंद करून टाकू, असं मी म्हटलं. दुसऱ्या गावी जाऊ, बार्शीला जाऊ, लातूरला जाऊ. भीती फार वाईट, अक्षता, ती आपल्याला फक्त आपलंच बघायला लावते.

आज सकाळी उकळत्या पाण्यात पीठ टाकलं आणि एकदम हात थांबला. ‘येऊन न्यायचं हाय.’ असलं वाक्य मी आधी कुठं वाचलं होतं? वाचलं नव्हतं. लिहिलं होतं. ‘खोली पाहिजे. एकच माणूस. आजच राहायचं आहे.’ बाई एकटी आहे हे कळू नये म्हणून स्टँडवर बसून, शब्द शब्द बघून मी ते जुळवलं होतं. तुझा दादा वाक्य जुळवत बसत नाही. त्याला कळलं असतं तर त्यानं नावानिशी शिवी लिहिली असती. पुरुषाला ‘येतो’ लपवायची गरज काय?

आणि मग मला तो पंचमीचा दिवस सगळा दिसला. श्रावणातला उकाडा, आणि तुझ्या ब्लाउजच्या बाह्या मनगटापर्यंत. मी म्हटलं होतं, मास्तरीणबाईंची नवी फॅशन. तू हसली होतीस. झोक्याचा हट्ट खोटा होता, पण रडणं खोटं नव्हतं, हो ना? तुझे फोटो शाळेनं काढायला लावलेले नाहीत, हो ना?

कदाचित मी चुकत असेन. कदाचित तू मोहोळला सुखात असशील, आणि ते खातं त्याचंच असेल, आणि हे पत्रसुद्धा फिरत फिरत त्याच्या हातात पडेल. तसं झालं तर तो सरळ माझ्या दारात येईल. हे मला पक्कं कळतं. पण तू असशील आणि मी पत्ता दिला नाही, असं नको व्हायला. त्या खात्यावर मी काही लिहिलेलं नाही. इथं लिहिते. सोलापुरात आलीस की शेळगीत शेवटच्या थांब्यावर उतर आणि पिठाची गिरणी विचार, कुणीही सांगेल. गिरणीला लागून लोखंडी जिना आहे, वर निळं दार. भाकरी न्यायची असेल तर भाकरी ने. राहायचं असेल तर सामान बांधत बसू नकोस, कुणाच्या नजरेत येईल. धुण्याची बादली घेऊन नीघ. दारावर थाप मार आणि नुसतं ‘आले’ म्हण. कडी काढायला वेळ लागेल, पण मी काढीन.

तुझीच,
सिद्धेश्वरी वहिनी