दांड्याचं मागचं टोक

नाही काका, फोनवर तुम्ही हसलात ते हसलात, पण ट्रॉली बिघडलेली नाहीये. नमस्कार राहिलाच, तो इथे वाकून करते (मनातल्या मनात, कारण खाली कळेल). कंबर कशी आहे? काकू शेक देते ना?

तर ट्रॉली. भट्टीतून वितळलेलं लोखंड घ्यायचं, वरच्या रुळाला लटकत साच्यांपर्यंत जायचं आणि ओतायचं. कुणी बादली उचलायची नाही, तुमच्यासारखी कुणाची कंबर कामातून जायची नाही. वाटेत माणूस आला की ती आपोआप थांबते, ही खास माझी अक्कल. पहिल्याच दिवशी ती तीन पावलं गेली आणि थांबली. पुन्हा तीन, पुन्हा थांबली. मी वायरी तपासल्या, सेन्सर पुसला, ट्रॉली बनवणाऱ्याला फोनवर झापलं. मग दिसले मिस्त्री, तुमचे जोडीदार. बावीस वर्षं तुम्ही दोघांनी एकच बादली दांड्याला अडकवून वाहिली, दांड्याचं पुढचं टोक त्यांचं, मागचं तुमचं. आता बादली वर लटकतेय तरी ते तिच्यापुढे चालतात, एक हात मागे करून. ट्रॉलीला वाटतं माणूस आला, थांबा. मिस्त्रींना वाटतं मागचा थांबला, आपणही थांबा. दोघं उभे. (इतकी सभ्यता मी आपल्या घरात कधी पाहिली नाही.) तेवढ्यात लोखंड बादलीतच थिजलं.

मी म्हटलं, "मिस्त्री, तुम्ही आरामात बाजूला बसा ना." तर म्हणाले, "पोरी, मागच्याला एकटं सोडून बसू?" याचं उत्तर मॅन्युअलमध्ये नाही, मी दोनदा बघितलं.

पण काळजी नको, सगळं कंट्रोलमध्ये आहे. फक्त सोमवारी साहेब बघायला येतायत. चालली तर कायमची राहील, नाहीतर ट्रॉली परत आणि बादली पुन्हा माणसांच्या हातात.

तुमची (सध्या आडवी) पुतणी

ता. क. आडवी, कारण मिस्त्रींचं म्हणणं समजून घ्यायला मी त्यांच्याबरोबर बादली उचलून बघितली. रिकामीच होती. मागचं टोक धरलं होतं. कंबर आपल्या घराण्याचीच निघाली.

आणखी एक ता. क. सोमवारी याल? काही करायचं नाही. भट्टीपासून लांब, पण मिस्त्रींना दिसेल अशा खुर्चीत बसून राहायचं. मागचा निवांत बसलाय हे डोळ्यांनी बघितलं की तेही येऊन शेजारी बसतील. बसतील ना, काका? तुम्हाला काय वाटतं?