विरघळणाऱ्या ब्रेडची तपासणी

सरावली, बोईसर
मंगळवार

ती. प्रदीपमामा यांस भाग्येशचा साष्टांग नमस्कार.

माकुणसारला मामींचा गुडघा कमी दुखत असेल आणि वालाच्या शेंगा भरल्या असतील, असे धरून चालतो. इथे मी फार थकलो आहे.

बाबांचे कोलेस्टेरॉल (हा शब्द फाइलवरून पाहून लिहिला आहे) दोनशे अडुसष्ट निघाले होते, हे तुम्हाला ठाऊक आहे. आजोबा अठ्ठावन्नाव्या वर्षी छातीत कळ येऊन गेले आणि बाबांना आता तेच वर्ष चालू आहे, म्हणून मी घाबरलो. बाबा गोळी घ्यायला तयार होईनात. शेवटी डॉक्टरांनी कंटाळून दोन महिने दिले. अख्ख्या धान्याचा ब्रेड द्या, पाण्यात विरघळणारे फायबर पोटात जाऊ द्या, मग पाहू, म्हणाले.

आता विरघळणारे म्हटल्यावर मला काही विचारावेसे वाटले नाही. आमच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत नव्या मालाचे पोते आले की ग्रॅमभर पाण्यात टाकून ढवळायचे, गाळायचे आणि काय उरते ते वहीत लिहायचे, हेच माझे काम. मी चार प्रकारचे ब्रेड आणले, चार पेले मांडले, घड्याळ लावून ढवळले आणि आईच्या जुन्या पातळाच्या फडक्यातून गाळले (ती असती तर फडके मिळाले नसते). अख्ख्या धान्याच्या ब्रेडचा कोंडा तळाशी जसाच्या तसा बसला. पांढरा ब्रेड मात्र सहा मिनिटांत दुधासारखा झाला. मी तोच पास केला. दोन महिने बाबांना सकाळ-संध्याकाळ पांढरा ब्रेड, भाकरी बंद, वाल बंद (वाल रात्रभर भिजवले तरी विरघळत नाहीत). त्यांना एकटे वाटू नये म्हणून मीही तेच खाल्ले.

काल रिपोर्ट आला. दोनशे चौऱ्याण्णव. कोणता ब्रेड दिलात, असे डॉक्टरांनी विचारले तेव्हा मी वही पुढे केली. त्यांनी दोन पाने वाचून चष्मा काढला. तो मैदा होता, भिजून विस्कटला, म्हणाले. फायबर होते ते मी नापास केलेल्या पेल्यांत, आणि त्या वालांत. सरावलीला रिक्षातून उतरताना बाबा एवढेच म्हणाले, "तुजी तपासणी संपली आसंल, तर आमी आता वाल खाल्ले तर चालंल का?"

गोळ्यांची चिठ्ठी देवघरात पडून आहे. उशीर करू नका, असे डॉक्टर म्हणतात. एकदा तुझे ऐकले ते पुरे झाले, असे बाबा म्हणतात.

मामींना नमस्कार.

आपला भाचा,
भाग्येश

ता. क. रविवारी वाल घेऊन याच. बाबा माझे ऐकत नाहीत, मेहुण्याचे ऐकतात.

ता. क. २. काल डॉक्टरांनी माझेही रक्त घेतले होते. आज रिपोर्ट आला. दोनशे सत्तर, आणि तीच गोळी. बाबांना सांगितलेले नाही. स्वतःसाठी ते गोळी घेणार नाहीत. पण मला अजून गोळी गिळता येत नाही, आई गुळात दडवून द्यायची, हे त्यांना ठाऊक आहे. मला शिकवायला म्हणून तरी रोज एक घ्या, असे तुम्ही सुचवून पाहा. हे खोटे नाही, मामा. मला खरेच शिकायचे आहे.