बुरुजातली मुलगी

बाबा, मी तुमच्या मनगटाला चावते आणि तुमचा हात सुटतो. चुना दळायच्या घाणीला वळसा घालून मी पळते. घाणीचा बैल थबकतो. मागून मुकादम ओरडतो, "अरे पकडा तिले, मुहूर्त चालला!" तुम्ही ओरडत नाही. म्हणून मी आणखी जोरात पळते.

तेव्हा माझे दुधाचे दात पडत होते. सरकारला गावचा जुना, पडका कोट दुरुस्त करून लोकांना पाहायला खुला करायचा होता. शिरपूरच्या देवळाला जाणारे यात्रेकरू वाट वाकडी करून इथेही येतील, असं तुम्ही मायला सांगत होतात. गावाला ते पटत नव्हतं. पडक्या भिंती पाहायला कोण येतं? यामागे दुसरं काही असणार. त्यात तुम्ही बांधत आणलेला बुरूज दोनदा ढासळला. विहिरीवरचं बोलणं आत्या घरी आणायची. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "बुरूज माणूस मागून राह्यला. लेकरू गाडल्याबिगर उभा राहत नाही तो." माय चिडली, "पोरीसमोर काय बोलून राह्यल्या, बाई?" "तिच्यासमोरच बोलतो मी. तिचाच बाप गवंडी हाये."

त्याच आठवड्यात मुकादम दारात आला. "पाया भरायचा हाये. कुमारिका पाह्यजे. तुह्यी पोरगी आण, नवा परकर नेसवून." तुम्ही म्हणालात, "आणतो." बाजारातून तुम्ही लाल परकर आणलात. सण नव्हता, कोणाचं लग्न नव्हतं. तुम्ही मला आधी कधी काही आणलं नव्हतं. "कायले?" मी विचारलं. "काम हाये." तुम्ही एवढंच बोललात. माय माझे केस विंचरत होती. तिचा चेहरा मी आरशात पाहत होते, आणि तोही मला खरा वाटत नव्हता.

खड्ड्याला शिडी लावली होती. खाली एक धोंडा, शेजारी हळदीकुंकवाचं ताट. तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "उतर." मला त्या धोंड्याला कुंकू लावून वर यायचं होतं, दुसरं काहीच नव्हतं. तसा रिवाजच आहे, हे मायने मला पुढे कधीतरी सांगितलं. तोवर तुम्ही हे जग सोडून गेला होतात.

मी पळाले ते साऱ्या गावाने पाहिलं. "पोरगी उगाच पळंन का?" म्हणत मजुरांनी टोपल्या खाली ठेवल्या. संध्याकाळी मुकादम घरी आला. तुम्ही असेपर्यंत एकही माणूस कामावर येणार नाही, म्हणाला, आणि तुम्हाला काम सोडायला सांगून गेला. तुम्ही भिंतीला टेकून बसलात. मी मायच्या मागे. "तुले काय वाटलं व?" तुम्ही विचारलंत. मी मायचा पदर तोंडावर ओढून घेतला. तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. पुढे कितीतरी वर्षं मला हाक मारायच्या आधी तुम्ही थोडे थांबायचात. मी ओळखून होते.

परवा मी तो कोट पाहून आले. बुरूज उभा आहे. दुसऱ्या गवंड्याने तो पुरा केला. पहारेकरी यात्रेकरूंना सांगत होता, "याच्यात गवंड्यानं सोताची पोरगी गाडली. लाल परकर नेसवून." एका बाईने विचारलं, "बापच होता का बाप्पा तो?" "बापच. पयल्यांदा पळाली म्हने ती. मंग रातच्यानं आणली. नाही त हा उभा राह्यला असता का?" बाईने आपल्या हातातली एक बांगडी काढून दगडाच्या फटीत ठेवली. तिथे आधीच पुष्कळ बांगड्या होत्या.

ती पोरगी मीच, असं म्हणायला मला कोणी अडवलं नव्हतं. पण तो इतक्या खात्रीने बोलत होता की क्षणभर मला तुमचाच संशय आला, बाबा. मी तिथे उभी असूनही. हे पत्र मी घरात कोणाला दाखवणार नाही.

मुकादम येऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, उजाडायच्या आत, आपण बैलगाडीने मेडशीला मामाकडे निघालो. थंडी होती. मायने मला गोधडीत गुंडाळून भांड्यांच्या मागे निजवलं होतं. गावातल्या कोणीही मला जाताना पाहिलं नाही.