कालिंदीची शेगडी

बालाघाट

प्रिय ऋता,

नोकरी सोडल्याचं तू कळवलं नाहीस, केदारकडून कळलं. तू तीन महिने धड जेवत नाहीस, 'माझ्या शेगडीने आईचा जीव घेतला' हेच घोकत बसतेस, असं जावईबापू सांगत होते. माझा फोन तू घेत नाहीस, म्हणून कागदावर लिहितो. शेवटपर्यंत वाच.

आपली जुनी इंडक्शन शेगडी आठवते? आच कमी ठेवली की क्षणभर पूर्ण जोर लावायची, मग गप्प, पुन्हा जोर. त्यात पातळ बुडाचं पातेलं असलं की असं किंचाळायचं की तुळसाबाई भिंतीपलीकडून ओरडायच्या, "काहून वो कालिंदीबाई, भोंगा लावला का घरात?" आम्ही हसायचो. तू मात्र त्या आवाजाच्या हात धुवून मागे लागलीस. पुण्याला पाच वर्षं राबून अशी शेगडी केलीस की मंद आचही एकसारखी मिळावी आणि माणसाच्या कानाला काही ऐकू येऊ नये. आयटीआयमध्ये तीस वर्षं वायरिंग शिकवलं मी, पण हे मला सात जन्मांत जमलं नसतं. तेव्हा तुझ्या तोंडावर म्हणालो नाही. आता म्हणून काय उपयोग.

काचबिंदूने तुझ्या आईची नजर गेलेली, शेगडी चालू की बंद हे ती कानानेच ओळखायची. तू ते विसरली नव्हतीस. म्हणून फक्त तिच्या शेगडीत तू बझर बसवून दिलास, चालू असेपर्यंत दर अर्ध्या मिनिटाला वाजणारा.

त्या दिवशी पुऱ्या झाल्यावर तिने पिठाच्या बोटाने बटण दाबलं, ते लागलं नाही. तेल मंद आचेवर तापत राहिलं. तासाभराने गार झालं असेल म्हणून ती कढई सांडशीने उचलून डब्यात ओतायला गेली आणि कढत तेल अंगावर सांडलं. गोंदियाच्या दवाखान्यात नेताना वाटेत राजेगावपर्यंत शुद्धीवर होती. "मी त शेगडी बंद केलती नं जी?" एवढंच विचारत होती. मी हौ म्हणालो. नवव्या दिवशी गेली. तुझ्या कंपनीचा माणूस आला, त्याला मी सांगितलं की बझर वाजला नाही. तू राजीनामा दिलास तो त्यावरूनच.

बझर वाजला नाही, कारण आठवडाभर आधी मी त्याची वायर कापली होती. पेपर वाचताना त्याची टुकटुक डोक्यात जायची. मास्तरकीची मस्ती, दुसरं काय! कालिंदीला सांगू सांगू म्हणत राहून गेलं. त्या माणसाला शेगडी भंगारात दिली म्हणालो, तेही खोटं. ती याच खोक्यात आहे, या पत्राखाली. उघडून बघ, तुझं काम सगळं जागच्या जागी आहे. कंपनीला दाखव. तुला परत घेतील असं मला वाटत नाही. तुझी आई तर येणारच नाही, आणि यापुढे तू माझं तोंड बघशील असंही वाटत नाही. पण आईला तू मारलं नाहीस, पोरी. मी मारलं.

तुझेच,
बाबा