भात्याची घंटा

४ मे १९६४
येलेनोवला पोहोचले एकदाची. ब्र्नो शहराची बस थेट महालाच्या फाटकाशी सोडते. समोर पिवळाधमक महाल, आणि छपरावर दगडी देवदूतांचा अख्खा वाद्यवृंद. त्यातल्या एकाचा कर्णा कुणीतरी ढापलाय, तरी बिचारा गाल फुगवून उभाच आहे. मला हसू फुटलं, दोन महिन्यांत पहिल्यांदाच.

काम सोपं आहे. पाहुण्यांचा घोळका पायांत नमद्याचे जोडे चढवून, फरशी पुसत पुसत सगळी दालनं बघतो आणि शेवटी चॅपेलमध्ये येतो. तिथे मी दहा मिनिटं ऑर्गन वाजवायचा. दिवसातून चारदा. महाल दाखवणाऱ्या ओतिलीबाई महालाच्या जुन्या मालकाच्या, सरदाराच्या काळापासून इथेच आहेत. त्यांनी माझ्या ताटात क्नेडलिकचे, म्हणजे उकडलेल्या पावाचे चार जाड तुकडे वाढले आणि म्हणाल्या की वाऱ्यावर ऑर्गन चालतो, माणूस नाही.

ऑर्गन जुना आहे, पण हवा भरायला मागच्या खोलीत विजेची मोटर बसवलीय. मागे माणूस लागत नाही, हे ऐकून मला केवढं बरं वाटलं.

५ मे
ऑर्गनच्या पट्ट्यांशेजारी डाव्या हाताला एक हस्तिदंती खुंटी आहे. ती ओढली की मागच्या खोलीत घंटा वाजते. मोटर नव्हती तेव्हा भाता दाबणाऱ्याने उठून दांडीवर पाय द्यावा, म्हणून ती सोय. ओतिलीबाई म्हणाल्या, लोकांना ही गंमत फार आवडते, दर खेपेला एकदा ओढत जा. मी म्हटलं, तार तुटलीय. तार धड आहे. का खोटं बोलले कुणास ठाऊक. म्हणजे, मला ठाऊक आहे.

८ मे
आधीच्या गावचं, ओल्शान्काचं लिहूनच टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल. तिथल्या चर्चमध्ये मोटर नव्हती. मातौशकाका पायाने भाता दाबायचे. वय एकाहत्तर. दर रविवारी मला चिडवायचे, की वाजवतो मी, तू नुसती बोटं हलवतेस. मार्चमध्ये दोन परीक्षक मला ऐकायला आले. त्यांच्या शब्दावर ही नोकरी ठरायची होती. त्या सकाळी काका म्हणाले, "पोरी, आज छातीत जरा जड वाटतंय. मधे एखादा श्वास घेऊ दे मला." मी म्हटलं, काका, आजचा दिवस निभावून न्या, उद्या हवे तेवढे श्वास घ्या. ते हसले.

वादन संपल्यावर मागे जाऊन पाहिलं, तर दांडीवर डोकं टेकून गेलेले. त्यांच्या बायकोला, रुझेनाकाकूंना, मी सांगितलं की शेवटचा सूर ऐकून शांतपणे गेले. यात खोटं काही नाही.

१३ मे
रुझेनाकाकूंचं पत्र आलं, सोबत खसखशीच्या गोड पावांचा, कोलाच्यांचा डबा. चोवीस तारखेला गावची सहल महाल बघायला येतेय. "आमच्या माणसाने शेवटचं जे ऐकलं, ते मला ऐकायचंय. वाजवशील ना गं? तुझ्यामुळे त्याचं मरण सोन्याचं झालं."

एकही कोलाच खाल्ला नाही. डबा ओतिलीबाईंना देऊन टाकला. त्यांनी विचारलं, असं काय केलंत हो तुम्ही त्यांच्यासाठी? मी खिडकी लावून घेतली.

१६ मे
पाहुण्यांसमोर तेच वाजवून पाहिलं, मार्चनंतर पहिल्यांदा. तिसऱ्या पानावर घंटा वाजली. मी खुंटीला हात लावला नव्हता. लोक खूश. ओतिलीबाईंनी डोळा मारला, म्हणजे जोडलीत वाटतं तार.

१९ मे
रोज, त्याच जागी. आधी हवा मंदावते. मग मागे धप्प. मग घंटा, तीनदा. मग दांडी खाली, वर, खाली, वर, आणि हवा परत येते. भर दुपारी, पन्नास माणसांसमोर. लोकांना वाटतं, ऑर्गन जुना, कुरकुरणारच.

मोटरवाला येऊन गेला. मोटर ठणठणीत आहे म्हणाला. पण जुन्या दांडीवर कोण चढतंय म्हणून विचारलं, तिथली धूळ पुसली गेलीय. मी सांगितलं, मला माहीत नाही.

२१ मे
काकूंना पत्र लिहायला बसले. तीन कागद फाडले. खरं कळलं तर त्या बाईकडे काय उरेल? छान कारण सापडलंय मला. तिच्यासाठी गप्प बसतेय म्हणे. भित्री मेली.

२३ मे
इथे तरी लिहिते. धप्प आवाज मी ऐकला होता. काका पडले, हे मला तेव्हाच कळलं. समोर परीक्षक. तिथल्या ऑर्गनलाही अशीच खुंटी होती, मी ती ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. तिसऱ्यांदा रागाने ओढली — आणि काका उठले. उठून मला शेवटपर्यंत हवा दिली.

उद्या वाजवायच्या आधी काकूंना सांगेन. उद्या नक्की.

२४ मे
सहल आली. काकूंनी मिठी मारली, किती वाळलीस म्हणाल्या. मांडीवर काकांची टोपी घेऊन पहिल्या बाकावर बसल्यात. सांगायला मी तोंड उघडलं आणि म्हणाले, मोटर लावून येते.

मागच्या खोलीत आले. मोटर लागत नाही. परत जायला दार उघडत नाही. घंटा वाजली. मीच दांडीवर पाय दिला.

पुढे ऑर्गनवर वादन सुरू झालं. तो हात मी ओळखते — मार्चमधली मी. तिच्यासमोर परीक्षक आहेत. ती थांबणार नाही.

एकदा दाबलं की आठ-दहा सेकंद मिळतात. तेवढ्यात लिहितेय —

तिसरं पान. छातीत जड — एक श्वास, एकच —

काकू, ते शांतपणे गेले नाहीत. मी त्यांना उठव —

पडले. फरशी गार आहे. हवा गेली. पुढे काकू रडतायत, ऐकू येतंय. त्यांना वाटतंय, काकांनी शेवटचं ऐकलं ते असंच, सुंदर —

घंटा.

मी उठणार नाही. ओरडून सांगते, काकू, मी — आवाज फुटत नाही, हवाच —

दुसरी. पाय आपोआप —

काका, तुम्ही कसे उठ —