अर्धी साक्ष

अल मनखूल, दुबई
१४ नोव्हेंबर २०२५

प्रिय दीनाताईंना,

स्मिताचा प्रभू येशूच्या नावात सलाम. आम्ही तिघं बरे आहोत. तुमचे गुडघे आणि दवाखान्यातली ती नवी मेट्रन, दोन्ही आटोक्यात असू देत, अशी प्रार्थना करते.

पत्र बघून घाबरू नका. हल्ली पाकीट आलं की माणसाला कोर्टाचंच काही वाटतं. आमच्या चर्चच्या संगतीतला रामेश्वर सुट्टीवर नगरला निघालाय, त्याच्या हाती देतेय. फोनवर मला हे जमणार नाही. तुमचा आवाज ऐकला की मी हवापाण्याचं बोलत बसते आणि मुद्द्याचं गिळून टाकते. परवा तेच केलं. तुम्ही विचारलंत, "सगळं ठीक ना गं?" आणि मी म्हटलं, आता एसी कमी लागतो.

एसी खरंच कमी लागतो. अंश दिवसभर इंग्रजीत बोलतो. मी मराठीत ओरडते, तो "वेट, मम्मा" म्हणतो. तुमच्या भावाला, शमूला, अल बर्शाच्या हॉटेलात मेंटेनन्सचा सुपरवायझर केलंय, तेव्हापासून तो घरातले नळसुद्धा ऐटीत तपासतो. बघा, पुन्हा सुरू झालं माझं.

शमूने चर्चमध्ये दिलेल्या साक्षीपासून सांगते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला आमच्या बिल्डिंगमध्ये गोवर आला. तिसऱ्या मजल्यावरच्या भावंडांना झाला, मग समोरच्या मुलीला. अंश रोज त्यांच्याबरोबर लॉबीत खेळायचा, त्यांच्याच बाटलीचं पाणी प्यायचा. ती पोरं पुरळाने लाल झाली आणि अंशला साधी शिंकसुद्धा आली नाही. शमूला स्वर्ग दोन बोटं उरला. शनिवारी चर्चच्या आवारातल्या हॉलमध्ये आपली मराठी संगती असते. शेजारी तमिळ, वर मल्याळी, त्यामुळे आपल्याला जरा गळा काढूनच गावं लागतं. गाणी संपली, प्रभूने काय केलं ते उठून सांगायची, साक्षीची वेळ आली, आणि शमू अंशला कडेवर घेऊन उठला. म्हणाला, "मी प्रभूला शब्द दिला होता. दवाखान्यातून घरी आणल्यापासून ह्या लेकराला एक सुई लागलेली नाही. बिल्डिंगभर गोवर फिरला, माझ्या दारात आला नाही." लोक रडत होते, टाळ्या वाजवत होते.

मीही वाजवल्या, ताई.

त्याच्या ह्या विश्वासाला हसायला मला जमत नाही. कोविडमध्ये तो वॉर्डात एकटा पडला होता, डॉक्टरांनी मला मन घट्ट करायला सांगितलं होतं, आणि ही संगतीतली माणसं पाळीपाळीने फोनवर प्रार्थना करत बसली होती. त्यातून तो उठला. मूल झालं तर त्याचं दुखणंखुपणं फक्त तुझ्या हाती, असं त्याने तेव्हाच देवाला सांगून टाकलं. संगतीत सगळ्यांचं असं मत नाही. पास्टर तर दरवर्षी फ्लूची सुई घेतात. पण साक्ष द्यायला उठलेल्या माणसाला कोण अडवणार? आणि गेल्या मे महिन्यात शमू शिबिराला गेलेला असताना, तुमच्या दवाखान्यात अंशच्या दंडावर काय टोचलं ते तिथे फक्त मला माहीत होतं. मी तुम्हाला वचन दिलं होतं. "कळलं तर शमू मला बहीण म्हणणार नाही," असं तुम्ही म्हणाला होतात. तुम्हाला त्याच्याशिवाय आहे कोण!

म्हणून गप्प बसले. घरातली गोष्ट घरात राहिली असती, तर जन्मभर गप्प बसले असते.

पण आमच्या फ्लॅटमध्ये दुसरी खोली संजनाची आहे. व्हिडिओवर तुम्ही तिला पाहिलंय, ती बडबडी. किचन आमचं सामायिक. तिची काव्या ऑक्टोबरातच वर्षाची झाली, गोवराची सुई देण्याची वेळ ठरलेली होती. साक्षीनंतर दोन दिवसांनी मी चपात्या लाटत होते, तर ही येऊन म्हणते, "भाभी, मी अपॉइंटमेंट कॅन्सल केली. खलास! अंशला बघून कॉन्फिडन्स आला मला. इतके दिवस उगाच टेन्शन घेत होते."

"अगं, डॉक्टरांना एकदा विचार तरी," मी म्हटलं.

"तुम्ही असं म्हणता? तुमच्याच घरात चमत्कार झाला ना! इन्शाल्ला, काव्याला काही नाही होणार." मग स्वतःच जीभ चावली. दहा वर्षं दुबईत काढली की ख्रिस्ती माणसाच्या तोंडीही तेच येतं. ती हसली, मीही हसले. चपाती करपली.

त्या दिवसापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. भाजीत दोनदा मीठ पडायचं. काव्या शिंकली की मी हातातलं टाकून तिचं कपाळ चाचपायचे. रोज ठरवायचे, आज संजनाला बाजूला घेऊन सांगते, आणि रोज तुमचा चेहरा समोर यायचा. त्यात शमूच्या साक्षीचा व्हिडिओ कुणीतरी ग्रुपवर टाकला. शारजातल्या एका बाईने खाली लिहिलं की आम्हीही आता विश्वासानेच राहू. एका संजनाच्या कानात सांगून भागणार नव्हतं.

मग मागच्या आठवड्यात बुधवारी काव्याला ताप भरला. संजना ऑफिसात, तिची सासू दारात येऊन म्हणाली, अंगावर काहीतरी उठल्यासारखं दिसतंय, बघ. मी लेकराला मांडीवर घेतलं. पोट पाहिलं, पाठ पाहिली, कानामागे पाहिलं. घामोळ्या होत्या, ताई. तापही साध्या सर्दीचा निघाला. पण ती पोर माझं बोट धरून हसत होती आणि मला तिच्याकडे बघवेना. हिला काही झालं असतं तर ते माझ्या टाळ्यांनी झालं असतं, हेच एक डोक्यात घुमत राहिलं.

हे शमूला आधी सांगायला हवं होतं. दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा एसीचं बोलले.

शनिवारी साक्षीच्या वेळी मी उठले. पुढची खुर्ची धरली. म्हटलं, "प्रभूने अंशला राखलं, हे खरं आहे. पण शमूला माहीत नाही, त्याला गोवराची सुई दिलेली आहे. मे महिन्यात, नगरला. माझ्या मुलाकडे बघून कुणी आपल्या लेकराची सुई टाळू नका." मागून कुणीतरी सवयीने "आमेन" म्हणालं. वरून मल्याळी गाणं ऐकू येत होतं.

शमू जागेवरूनच बोलला. मोठ्याने नाही. "कुणी दिली?"

ताई, इथवर लिहायला मला इतका वेळ लागला. मी तुमचं नाव सांगितलं.

कुठल्यातरी डॉक्टरचं नाव घेता आलं असतं. ते ओठांवर आलंही होतं. पण ज्यासाठी उभी राहिले तेच मोडून खाली बसले असते. तुम्हाला दिलेलं वचन मी पन्नास माणसांसमोर मोडलं. मला माफ करा असं लिहिते आहे, पण तेच पुन्हा करावं लागलं तर तेच करीन, म्हणजे ही कसली माफी, तुम्हीच ठरवा.

संजना तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. गॅस मोकळा झाला की मगच किचनमध्ये येते. पण सोमवारी काव्याला घेऊन सकाळीच बाहेर गेली, आणि परत आली तेव्हा पोरीच्या मांडीवर छोटी पट्टी होती. माझ्याकडे न बघता तिने पोरीचा फ्रॉक खाली ओढला. मला तेवढं पुरे.

शमूही बोलत नव्हता. आपलं ताट आपणच घासायचा. अंश मला विचारायचा, "पापा इज अँग्री?" मी म्हणायचे, "दमलाय." बोलायची वेळ आलीच तर तुम्हाला "तुझी नणंद" म्हणायचा. तुझ्या नणंदेने असं केलं, तुझ्या नणंदेला विचार. जणू तुम्ही माझ्या माहेराहून आलात.

काल तो शर्टाला इस्त्री करत होता. मान वर न करता त्याने विचारलं, "टोचायच्या आधी ताईने प्रार्थना केली होती?"

ताई म्हणाला, ताई! पाच दिवसांनी पहिल्यांदा. मी लगेच "हो" म्हटलं. त्याची इस्त्री थांबली, मग पुन्हा फिरायला लागली. म्हणाला, "नाताळात येऊ तेव्हा विचारीन तिला. फोनवर नाही. तोंडावर विचारीन."

आणि मला आठवत नाही. देवाशपथ आठवत नाही. मी अंशचे हात धरले होते आणि शमू येतो की काय म्हणून दाराकडे बघत होते. तुमचे ओठ हलले का, डोळे मिटले का, काही पाहिलं नाही. त्याने ताई म्हटलं आणि माझ्या तोंडून हो निघून गेलं.

केली होती ना हो? केली असेल तर बरंच झालं. नसेल, तर त्याला काय सांगायचं ते मी तुम्हाला शिकवणार नाही. तो अधिकार मी शनिवारी गमावला. फक्त तो दारात उभा राहील तेव्हा आधी त्याला आत घ्या, पाणी द्या, आणि मग खरं असेल ते सांगा.

तुम्ही अजून मानत असाल तर, तुमची भावजय,
स्मिता