भाऊजींच्या गिटारीची डागडुजी

नागरा, जि. गोंदिया

तीर्थस्वरूप भूपेंद्रभाऊजींना ओमेशचा वाकून नमस्कार.

तुमची तब्येत बरी असेल, चेतनाताईचा खोकलाही थांबला असेल. इकडे आई, बाबा, म्हैस सगळे मजेत. गिटारीचा फोटो पाहिल्यापासून तुम्ही फोन उचलत नाही, आणि ‘दिवाळीनंतर गावच्या मंडईच्या जत्रेला येणार नाही, गिटार पार्सल करा’ असा निरोप ताईकडून आला, म्हणून हे पत्र. ताई दोन वर्षांत माहेरी आलेली नाही. आईने मंडईच्या अनारशांचे पीठही करून ठेवले आहे.

‘सत्तर सालची वस्तू आहे, हात लावू नका,’ असे तुम्ही पुण्याला बदली झाली तेव्हा ती आमच्याकडे ठेवताना बजावले होते. पण इथे ऐकतो कोण? जावयाची वस्तू, आणि रंग उडालेली! म्हणून बाबांनी तिचे सगळे ओरखडे पुट्टीने बुजवले आणि ट्रॅक्टरच्या उरलेल्या लाल रंगाचे दोन हात मारले. (ज्या ओरखड्यांचे तुम्ही एवढे कौतुक करायचे, ते आता सापडणार नाहीत.) फोटोत दिसले ते एवढेच. पुढचे ऐका.

सूर थरथरवायची ती लोखंडी दांडी आहे ना, ती बाबांना हलताना दिसली. मी म्हटले, ती हलण्यासाठीच असते. “हालते तं ठेवाची कायले? जवाई का म्हणंल?” असे म्हणून त्यांनी ट्रॉलीसोबत तिलाही वेल्डिंग मारून आणले. लाकूड जळाले तिथे पुन्हा लाल रंग. त्या आचेत तारांखालची कॉइलही गेली, म्हणून मीच ती गोंदियाला नेली, पंपाच्या मोटारी वाइंडिंग करणाऱ्या दुर्गाप्रसादकडे. (दुसरा कोण आहे इथे?) केसासारखी तार पाहून त्याला कीव आली. “इतने पतले तार में जान कहाँ है, भैया?” म्हणत त्याने मोटारीचीच तार भरली. आता स्पीकरला जोडली की एकच आवाज येतो, भुंग्याचा, आणि तो तार न छेडताही येतो. शेताची विजेची लाइन आली की जोर धरतो, त्यामुळे पंप सुरू करायला कधी निघायचे ते बाबांना घरबसल्या कळते. ते तुमच्यावर फार खूश आहेत. आवाजाचे बटण हरवले होते, तिथे पंख्याच्या रेग्युलेटरचे बसवले आहे. पाचवर नेऊ नका.

भाऊजी, मी थकलो. एकटा किती जणांना अडवू? शेवटी वैतागून गिटार पार्सल करायला घेतली, तर तिच्या पेटीत आईने काठोकाठ चिन्नोर तांदूळ भरलेला! “जवायाची पेटी खाली कशी पाठवाची रे?” मी सांगितले, रिकामी नाही जात, तिच्यात गिटार जाते. तर म्हणाली, “तं गिटार राहू दे.” या बाईपुढे कोणी बोलावे?

ताईला नमस्कार सांगा. रागावला असालच, पण जेवून-खाऊन रागवा.

तुमचा वैतागलेला मेहुणा,
ओमेश कटरे

ता. क. पार्सल निघाले आहे, त्यात तांदूळ आहे. गिटार इथेच ठेवली. रागवायला तरी मंडईला या. बाबांना फोनवर नीट ऐकू येत नाही.

आणखी एक. पत्र आईला वाचून दाखवले. ती म्हणते, पेटी परत आणताना खाली आणायची नसते, हे जावयाला सांग. पण चेतनाला सोबत आणत असतील, तर खाली चालेल.